अमान्य अंगण

डॉक्टर सुमती आजगावकरांशी वाद घालायचा असेल तर आधी पोटभर जेवून घ्यावं, असं आमच्या कचेरीत म्हणत. वाद कधी संपेल याचा भरवसा नसे, आणि हरल्यावर जेवण जात नसे. मी त्यांच्याशी कायम उपाशीपोटी भांडलो. एकदाही जिंकलो नाही, आणि आज सांगतो, जिंकलो नाही तेच बरं झालं.

सिल्वासा तेव्हा एवढंसं गाव. पोर्तुगीज जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण सरकार म्हणावं असं विलीनीकरणानंतर आत्ता कुठे येत होतं. सरकार म्हणजे कोण, तर आम्ही. मुंबईचे, रत्नागिरीचे, चिपळूणचे कारकून आणि मास्तर. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी, असं आमचं सरकार वापीला गाडीतून उतरायचं आणि बसच्या टपावर सामान टाकून इथवर यायचं. मला आरोग्य खात्याचं टेबल मिळालं. आरोग्यातलं मला काय कळत होतं? कप्पाळ! पण टेबल मिळालं म्हणजे ते आपलंच, या थाटात मी बसलो.

बाई आमच्या आधीपासून तिथे होत्या. मूळ सावंतवाडीकडच्या, डॉक्टरकी शिकल्या मुंबईत. मुंबईच्याच एका धर्मादाय मंडळाने गावातल्याच टोकरखाड्याला कौलारू घर भाड्याने घेऊन दवाखाना काढला होता, तो त्या एकहाती चालवत. औषधं सरकार पुरवी. पन्नाशीच्या, उंच, सावळ्या. पांढरं लुगडं वर खोचलेलं, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि हातात बारा महिने छत्री. ती छत्री मी उघडलेली कधी पाहिली नाही. ती माणसांकडे रोखायला असे.

नमस्कार, रामराम, कसं काय, ही भाषा बाईंना ठाऊकच नव्हती. समोर माणूस आला की त्या म्हणत, "जीभ दाखवा." मामलेदार येवो, पोस्टमन येवो, देणगी मागायला आलेला भजनी मंडळवाला येवो, आधी जीभ. एका मास्तरांनी एकदा फार लाडात येऊन विचारलं, "बाई, आपण लग्न का नाही केलं?" बाईंनी त्यांना जीभ दाखवायला लावली, नीट निरखून पाहिली आणि एरंडेल दिलं. ते मास्तर पुन्हा त्या रस्त्याने गेले नाहीत.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती तापात. हिवतापाने मी असा हाडं वाजवत होतो की खाटही बरोबर वाजत होती. हेडक्लार्कनी चिठ्ठी दिली, 'सरकारी कर्मचारी, आधी पाहावे.' मी कांबळं पांघरून, ती चिठ्ठी पुढे धरून अंगणात शिरलो. बाईंनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि माझ्याच कांबळ्यात खोचली.

"त्या आजोबांच्या मागे बसा."

"बाई, मी सरकारी..."

"सरकार आजारी पडलं तरी रांगेतच पडतं. बसा. आणि कांबळं नीट घ्या अंगावर, मेल्यासारखे दिसताय."

बसलो. आठवडी बाजाराचा दिवस होता, पाड्यांवरची माणसं त्याच दिवशी गावात येत. बसल्या बसल्या ते अंगण पहिल्यांदा नीट पाहिलं.

मधोमध मोहाचं झाड. झाडाखाली माणसांची रिंगणं. एकेक रिंगण म्हणजे एकेक घर. पाड्यावरून वारली माणूस दवाखान्यात एकटा येतच नसे. म्हातारी, सून, लेक, चुलता, अंगावरचं पोर, कोंबडी विकायला आणली असेल तर तीही, असं सगळं घर जमिनीवर गोल करून बसे. बाई आपला पाट उचलत आणि त्या रिंगणात जाऊन मांडून बसत. आणि दुखणं काय हे त्या रोग्याला विचारत नसत! सुनेला विचारत, "म्हातारा जेवतो का?" म्हाताऱ्याला विचारत, "सुनेचे पाय सुजले कधीपासून?" रोगी आपला मान खाली घालून गप्प. बाईमाणसाला तपासायचं झालं की घरातल्याच बायका उभ्या राहून लुगड्याचा आडोसा धरत.

मला वाटलं, हा काय गावंढळपणा! बरा झाल्यावर मी तसं बोललोही. बाईंनी छत्री माझ्या छातीशी टेकवली. "साळवी, या पाड्यांवर आपल्या दुखण्याबद्दल आपण बोलायचं नसतं. घरच्यांनी बोलायचं. आपण बोललं तर दुखण्याला चेव येतो, असं ही माणसं मानतात. मी पहिलं वर्षभर एकेकाला खोलीत नेऊन विचारलं. सगळे म्हणाले, 'बेस आहे.' बेस आहे, बेस आहे म्हणत दोन बाया माझ्यासमोर बसून गेल्या, त्या पुढच्या बाजाराला आल्याच नाहीत. तेव्हापासून त्या खोलीत मी बाटल्या ठेवते."

एवढं बोलून त्या उठल्या.

आता सरकारला काही स्वस्थ बसवतं का? ठरलं की यापुढे औषधं मिळतील ती फक्त प्रमाणित दवाखान्यांना. कल्पना वाईट नव्हती. खेड्यापाड्यांतून पाणी टोचणारे भोंदू डॉक्टर कमी नव्हते. पण प्रमाणपत्र देणार कोण? मुंबईच्या डॉक्टरांची एक संस्था पुढे आली. बाह्यरुग्णांचे दवाखाने तपासायचे, पास-नापास करायचे, हेच तिचं काम. फक्त तिच्या शिक्क्याला इथे अर्थ येण्यासाठी आधी त्या संस्थेलाच सरकारची मान्यता लागणार होती. तिचा अर्ज प्रशासकसाहेबांच्या टेबलावर होता. संस्था मात्र भारी उत्साही. मान्यता यायच्या आधीच तिची माणसं जीपमधून तपासणीला आली आणि त्यांना गाव दाखवायला माझी नेमणूक झाली.

संस्थेचे प्रमुख डॉक्टर मेहेंदळे. गोरेपान, गळ्यात बो, बोलणं अतिशय गोड. बाजारपेठेतला नवा दवाखाना त्यांनी आधी पाहिला. लाद्या चकाचक, भिंतीला लागून बाकं, तपासणीची खोली, खोलीला दार, दाराला पडदा. तिथले डॉक्टर वापीहून येऊन-जाऊन करत, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी येतच नसत, कारण म्हणे गर्दी फार होते! पण त्या दिवशी ते होते. पास.

मग टोकरखाडा. बाजाराचा दिवस नव्हता. अंगणात चिटपाखरू नाही. बाई मोहाखाली इंजेक्शनच्या पिचकाऱ्या उकळत बसलेल्या. मेहेंदळ्यांनी हात जोडले. बाई म्हणाल्या, "जीभ दाखवा." ते हसले, त्यांना ती थट्टा वाटली. मग त्यांनी लिहून घेतलं. बाकं नाहीत. प्रतीक्षागृह नाही. स्वतंत्र तपासणी खोली नाही. रुग्ण एकही नाही. नापास.

"बाजाराच्या दिवशी या," बाई म्हणाल्या.

"बाई, दवाखाना रोजच दवाखाना असतो," मेहेंदळे गोड आवाजात म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

मी मागे रेंगाळलो. बाईंनी मला विचारलं, "यांना सरकारची मान्यता आहे?" मी म्हटलं, अजून नाही, पुढच्या आठवड्यात बैठक आहे, स्थानिक डॉक्टरांनाही बोलावणं आहे. बाईंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते पाहून मला मेहेंदळ्यांची दया आली.

"म्हणजे हे स्वतःच अजून परीक्षेला बसायचेत," त्या म्हणाल्या. "आणि मला नापास करून गेले. वा रे वा!"

बैठकीला बाई कॅनव्हासचे बूट घालून, छत्री घेऊन पहिल्या रांगेत. प्रशासक उत्तरेकडचे, शांत गृहस्थ. मेहेंदळ्यांनी इंग्रजीत छान भाषण केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय? विचारायचाच अवकाश, बाई उठल्या. बाईंचं हिंदी म्हणजे सावंतवाडीचं पाणी, पण धार अशी की काय सांगू.

"साब, ये लोग दवाखाना देखते हैं, मरीज नहीं देखते. खाली दवाखाना तो भूत का घर भी होता है. उसको भी सर्टिफिकेट देंगे क्या?"

हेडक्लार्कनी डोळे मिटून घेतले. साहेब मात्र पुढे झुकले. "आप क्या चाहती हैं?"

"इनको मान्यता दो साब, मैं कहाँ ना बोलती हूँ? लेकिन शर्त डालो. तपासनी सिरिफ बाजार के दिन. पहिले मरीज से आखरी मरीज तक. पूरा दिन. और तपासनेवाला खुद मरीजों में बैठेगा."

मेहेंदळे इंग्रजीत म्हणाले, "साहेब, आमची माणसं मोठे डॉक्टर आहेत. दिवसभर अंगणात बसायचं म्हणजे..."

"गुडघे दुखतात? मलम देईन," बाई मराठीत म्हणाल्या. साहेबांना मराठी येत नव्हतं, पण ते हसले. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, एक बाजाराचा दिवस संस्थेने अशी तपासणी करून दाखवावी. मग मान्यतेचं पाहू.

तो बाजाराचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. सकाळपासून माणसांचा लोंढा. अंगण भरलं, कुंपणाबाहेर रस्त्यावर रिंगणं बसली. मेहेंदळे आले ते बो लावूनच. बाईंनी त्यांना जमिनीवर बसायला घोंगडी दिली. बसताना त्यांचा गुडघा असा कडाडला की शेजारचं पोर दचकलं. तासाभराने ते उठले आणि म्हणाले, "माझ्या पद्धतीने एक रोगी पाहू द्या." बाई म्हणाल्या, "पाहा की. कुणी अडवलंय?"

जेठी नावाची एक म्हातारी होती. तिला त्यांनी बाटल्यांच्या खोलीत नेलं, दार लावलं, चांगली आस्थेने विचारपूस केली. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगायला हवं होतं. जेठी बाहेर आली आणि आपल्या रिंगणात जाऊन बसली. मेहेंदळे म्हणाले, "तिला काही झालेलं नाही. छाती जरा खरखरते, वयामुळे. ती स्वतःच म्हणते, बेस आहे."

बाईंनी पाट उचलला आणि जेठीच्या रिंगणात मांडला. सुनेला विचारलं, "काय ग, सासू झोपते का?"

सून एकदम बोलायला लागली. "नाय बाय. रातभर खोकते. रगत पडते. फडकी लपवते आमच्यापासून. भाकर आमच्या पोरांना घालते, आपण खात नाय." मुलगा म्हणाला, "डोंगर चढत नाय आता. बसते मधीच." नात म्हणाली, "आजीच्या आंगाला चटका बसते." जेठी मान खाली घालून मातीत रेघा ओढत होती. मेहेंदळे उभे होते ते हळूच खाली बसले. या खेपेला घोंगडी बाजूलाच राहिली आणि ते मातीतच बसले.

दिवसभर मग ते हलले नाहीत. सगळ्यांत शेवटचं घर पाड्याकडे निघालं तेव्हा त्यांचा बो खिशात गेला होता. चहा घेताना ते बाईंना म्हणाले, "बाई, मी जे पाहिलं ते पाहिलं. तुमची अट आम्ही मान्य करू. पण बाकांचा आणि खोलीचा नियम संस्थेचा आहे, तो मी एकटा मोडू शकत नाही. तुम्ही असं करा, चार बाकं आणून ठेवा. बाटल्यांच्या खोलीला पडदा लावा. वापरू नका हवं तर. मी उद्या पास करतो."

किती सोपं होतं! मी मनात म्हटलं, सुटलो बुवा एकदाचे.

बाई म्हणाल्या, "वापरायची नाहीत ती बाकं कुणासाठी ठेवू? तुमच्यासाठी? तुम्ही आजारी आहात का? जीभ दाखवा."

आणि त्या मोठ्या माणसाने खरोखर जीभ दाखवली. बाईंनी ती पाहिली. "जागरण फार करता," त्या म्हणाल्या. "पण बाकं ठेवणार नाही."

झालं ते असं. संस्थेला सरकारची मान्यता मिळाली, आणि तीत बाईंची अट शब्दाला शब्द घातलेली होती. त्या अटीखाली पेठेतल्या दवाखान्याची फेरतपासणी झाली, बाजाराच्या दिवशी डॉक्टर जागेवर नव्हते म्हणून वापीवाल्यांची गच्छंती झाली आणि तिथे पूर्णवेळ तरुण डॉक्टर आला, गुजरातचा, लाजाळू. तो दवाखाना पास. आणि बाकं नाहीत, खोली नाही म्हणून आजगावकरबाई नापास. सरकारी औषधं बंद. मुंबईच्या मंडळानेही कळवलं की अमान्य दवाखान्याचं भाडं आम्ही भरू शकत नाही.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी तडक टोकरखाड्याला गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा बाईंवर ओरडलो. "चार बाकं, बाई! चार लाकडी बाकं! तुमच्या हट्टापायी या माणसांची औषधं गेली. जेठीचं काय होणार आता?"

बाईंनी छत्री उचलली नाही. पाटावर बसून होत्या. तिथूनच म्हणाल्या, "साळवी, आज मी बाकं ठेवीन, शोभेची म्हणून. मी काय इथे कायमची आहे? माझ्यानंतर जो येईल तो म्हणेल, बाकं आहेत तर बसवा त्यांवर. खोली आहे तर न्या एकेकाला आत. तो न्यायला लागेल आणि सगळे त्याला सांगतील, बेस आहे. तेव्हा त्याला सांगायला कोण असेल की ती बाकं खोटी होती? तुम्ही?"

माझा राग काही गेला नव्हता, हे सांगतो. "मग जेठी?" मी पुन्हा म्हटलं.

"जेठीला औषध मिळेल," बाई म्हणाल्या. "माझा दवाखाना अमान्य झालाय. जेठी कुठे अमान्य झालीय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंपणावर पाटी लावली. पांढऱ्या रंगाने, स्वतःच्या हाताने रंगवलेली. 'अमान्य दवाखाना.' लोकांनी तोंडात बोटं घातली. हेडक्लार्कनी मला विचारलं, अशी पाटी लावण्याविरुद्ध काही नियम आहे का? मी म्हटलं, खरं लिहिण्याविरुद्ध मला तरी माहीत नाही. त्यानंतर ते माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत.

नेमकी त्याच सुमारास माझी बदली झाली. वळकटी बांधली, लोणच्याची रिकामी बरणी कुणाला तरी दिली आणि वापीची बस पकडली. बाईंना भेटायला गेलो होतो, पण अंगण मोकळं होतं. पाट नव्हता, छत्री नव्हती. मोहाखाली नुसती पानं. गेल्या की काय मुंबईला, न सांगता? त्यांच्यासारख्या बाईने हार मानली या विचाराने मला रडू यायचंच बाकी होतं.

बस पेठेत आली आणि थांबली. पुढे रस्ताच नव्हता. बाजाराचा दिवस होता हे मी घाईत विसरलो होतो. कंडक्टर दारात लोंबकळून ओरडत होता, "अरे खसो, खसो! जवा दो!" पण कुणी हलत नव्हतं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

रस्ताभर रिंगणं बसली होती. पेठेतल्या त्या चकाचक मान्यताप्राप्त दवाखान्याच्या पायऱ्यांवर, ओट्यावर, समोरच्या धुळीत, घरंच्या घरं जमिनीवर बसली होती. टोकरखाड्याचं सगळं अंगण बाईंनी उठवून इथे आणलं होतं. ओट्यावर भिंतीला लागून बाकं होती, त्यांवर कुणीतरी आपल्या टोपल्या आणि कोंबड्या ठेवल्या होत्या. मधल्या एका रिंगणात बाई आपल्या पाटावर. समोर जेठी, मान खाली घालून. शेजारी तो लाजाळू डॉक्टर मातीत मांडी घालून बसला होता. बाई विचारत होत्या, सून बोलत होती, तो लिहून देत होता आणि आतून मान्यताप्राप्त औषध बाहेर येत होतं.

मी ओरडलो, "बाई!"

बाईंनी वर पाहिलं. बस पाहिली, टपावरची वळकटी पाहिली, मला पाहिलं. काय ते त्यांना कळलं असणार. त्यांनी छत्री उचलली आणि तिथूनच माझ्यावर रोखली.

"साळवी! जीभ दाखवा!"

भरलेली बस होती. माझ्या शेजारी एक मामलेदार बसले होते. मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकलो आणि सगळ्या पेठेसमोर जीभ दाखवली.

"बेस आहात!" बाई म्हणाल्या, आणि पाट उचलून पुढच्या रिंगणात गेल्या.